जोर अन् दम

चंद्रपूर
९ फेब्रुवारी २००३

काडी पहेलवान गोपाल याले नबीलचा सलाम.

वनरक्षकाच्या लेखीचा निकाल लागला बे! बोर्डासमोर एवढी गर्दी होती का मले दोन पोट्टे उचलून बाजूले ठेवा लागले, तवा कुठी यादी दिसली. मी पंधरावा, तू एकविसावा. जागा सतरा. अब्बा दोन वर्षं म्हणत होते का गोपालच्या डोक्यात मेंदू आहे अन् तुझ्या डोक्यात भुसा. आज यादी पाहून गप बसले.

आता मे महिन्यात मोजमाप अन् चालणं. छाती एकोणऐंशी पाहिजे, फुगवून चौऱ्याऐंशी. मंग पंचवीस किलोमीटर पायी, चार तासाच्या आत. जो त्यातून निघेल त्याचा लेखीच्या मार्कावर नंबर लागते. म्हणजे वरचे चार जण गळले तं तूही आत.

तुझी छाती तं कोंबडीची. आमच्या घरी राहून कॉलेज केला, अम्मीच्या हातचं दोन वर्षं खाल्ला, तरी अंगावर मांस चढलं नाई. त्या दिवशी तालमीत तुले एका हातानं डोक्यावर उचललो होतो, आठवते? सगळे पोट्टे मातीत लोळून हसत होते. अजूनही कोणी नवीन आला का तालमीतला दसरू त्याले ते नक्कल करून दाखवते.

पण चालाचं म्हटलं तं माझी गोची आहे. काल दुकानातून घरापर्यंत तांदळाचं पोतं खांद्यावर आणलो, काही वाटलं नाई. अन् आज बिनाओझ्याचा रामनगरपर्यंत गेलो तं धाप लागली. तं सौदा असा. मी तुले छाती वाढवाले शिकवतो, तू मले चालाले शिकव. दोघंही हिरवी वर्दी घालू. लवकर लिहजो.

तुझा
नबील

*

हेटीटोला, ता. चामोर्शी
२० फेब्रुवारी २००३

प्रिय नबील,

तुझं कार्ड भेटलं. पहिले एक सांगतो. पत्त्यावर काडी पहेलवान लिहू नको. पोस्टमन वाचते अन् चावडीवर सांगते. आता लहान पोट्टेही मले त्याच नावानं हाका मारून राह्यले. दिव्यानी घरी येऊन भांडली, माझ्या भावाले असं कोण लिहते म्हणून.

बाकी सौदा मंजूर. टेलरकडे छाती मोजलो. सत्त्याहत्तर. फुगवून ऐंशी. तीन महिन्यांत होईल का नाई सांग.

तू म्हणते चालणं काय शिकाचं. आमच्या इकडे कोणी शिकत नाई. बाबा आता साठीचे झाले, अंगात जोर काही नाई, धानाचं पोतं उचलाले दोघं लागते. पण नांगरामागे सकाळपासून सांजपर्यंत चालते अन् घरी येऊन म्हणते, चल गोपाल, बाजारातून मीठ आणू. चामोर्शी इथून आठ किलोमीटर आहे. आई मोहाच्या दिवसात डोक्यावर टोपली घेऊन जंगलात किती फिरते त्याचा हिशेब नाई. चाचा तालमीत म्हणत, जोर असला का दम मागून येते. मले तवाही वाटे, दम असला तं जोराचं काम पडत नाई. पण तुमच्या तालमीत माझं कोण ऐकणार होतं.

चाचाले अन् चाचीले नमस्कार.

गोपाल

*

चंद्रपूर
४ मार्च २००३

काडी,

रागावला काऊन बे? मायेनं म्हणतो. पोस्टमनले सांग, हा काडी उद्या जंगलाचा साहेब होणार आहे.

आता नीट वाच. सकाळी उपाशीपोटी दंड. पहिल्या आठवड्यात पंचवीस-पंचवीसचे चार फेरे, मंग दर आठवड्याले दहा वाढव. खाली जाताना श्वास आत, छाती जमिनीले टेकू दे, वर येताना सोड. दोन विटा ठेवून त्याच्यावर हात टेकलास तं छाती आणखी ताणते. संध्याकाळी आंब्याच्या फांदीले लटक अन् हनुवटी फांदीच्या वर ने. झोपाच्या आधी श्वास भरून वीस मोजेपर्यंत धर. भिजवलेले चणे मूठभर, गूळ, दूध भेटेल तेवढं. एक दिवसाआड आराम कर. आराम चुकवला तं मांस वाढत नाई, फाटते, असं अब्बा म्हणते.

अम्मीनं खारकांचा डबा दिला आहे. दसरूचा मामा चामोर्शीच्या बाजारात येते, त्याच्या हातून पाठवला. दुधात उकळून खाजो. अम्मी म्हणे, त्याले सांग, घरी पोरीले देऊन टाकशील, तसं करू नको, स्वतः खा.

आता माझं ऐक. परवा मूल गावाच्या रस्त्यानं लोहाऱ्यापर्यंत गेलो अन् आलो. दोन तास लागले. तळपायाले फोड, पिंढऱ्या लाकडासारख्या. दुसऱ्या दिवशी दुकानात पंक्चर काढाले उकिडवं बसता येईना. अब्बा हसले. पंचवीस किलोमीटर कसं होईल बे? रोज किती चालू? खरं सांग, लाज वाटू देऊ नको, मी नवशिका आहे.

नबील

*

हेटीटोला
१६ मार्च २००३

प्रिय नबील,

खारका भेटल्या. चाचीले सांगजो, मीच खाऊन राह्यलो.

दंड सुरू केलो. दुसऱ्या दिवशी हात वर होईना. दिव्यानीनं शर्टाच्या गुंड्या लावून दिल्या. पण तू सांगतल्यासारखं आराम घेऊन करून राह्यलो.

तुझ्या चालाचं सांगतो. तू चालाची प्रॅक्टिस करू नको. तुझं वजन जास्त आहे, रोज चाललास तं टाचा अन् गुडघे जाईल, मंग परीक्षेच्या दिवशी लंगडशील. तुझ्या मांडीत जोर आहे, तोच वाढव. बैठका मार. रोज तीनशेवरून चारशे, चारशेवरून पाचशे. मांडी पक्की झाली का पंचवीस किलोमीटर म्हणजे काहीच नाई. आमच्या इकडे तेंदूपत्त्याचे गठ्ठे वाहणारे हंगामाच्या आधी चालत नाई, बैठकाच मारते.

इकडे दुसरं काही नवीन नाई. मोहाचा वास सुटला आहे.

गोपाल

*

चंद्रपूर
६ एप्रिल २००३

काडी उस्ताद,

आता तुले उस्ताद म्हणतो, खूश? तुझं पत्र अब्बाले वाचून दाखवलो. अब्बा म्हणे, मी काय सांगत होतो, बैठकीत सगळं आहे. मंग थोडा वेळ विचार करून म्हणे, तरी रोज थोडं चालून पाह्य. मी म्हटलो, गोपाल नको म्हणते. तं म्हणे, ठीक आहे, तो चालणाऱ्याच्या घरचा पोरगा आहे, या बाबतीत त्याचं ऐक.

तवापासून रस्ता बंद. पाचशे बैठकांवर गेलो. मांडी अशी झाली का पँट शिवाले टाकली आहे. काल आपल्या गल्लीत जीप नालीत फसली, मी मागून एकट्यानं खांदा लावलो. निघाली! सगळा मोहल्ला पाहत होता. तुझा बाप नांगरामागे दिवसभर चालते ते खरं, पण नालीतून जीप काढू शकते का? सांग!

दोन गोष्टी विचाराच्या आहेत. मेच्या उन्हात वाटेत पाणी किती प्याचं? अन् आदल्या दिवशी काय कराचं? तारीख अकरा मे निघाली. सकाळी सहाले सुरू.

छाती किती झाली ते लिहजो. कमी पडली तं मी तिथी येऊन तुले विटा देऊन ताणतो. आदल्या दिवशी आमच्याकडेच ये झोपाले. अम्मी वाट पाहते.

नबील

*

हेटीटोला
२२ एप्रिल २००३

प्रिय नबील,

छाती ऐंशी झाली. फुगवून पंच्याऐंशी. टेलर दोनदा मोजला. हे तुझ्यामुळे झालं.

मी आदल्या दिवशी तुमच्याकडे येणार नाई. बाबा सोबत येणार आहे, आम्ही धर्मशाळेत थांबू. रस्त्यावरच भेटू.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आदल्या दिवशी सांजेले एक हजार बैठका मार. एका दमात नाई, फेऱ्या-फेऱ्यानं. मांडी गरम राहते अन् सकाळी आपोआप चालते. दुखलं तं घाबरू नको, दुखणं म्हणजे जोर भरून राह्यला.

पाण्याचं ध्यानात ठेव. वाटेत टेबलावर पाणी ठेवते ते पेऊ नको. पोट जड होते, पाय गळते. जंगलातले जुने लोक ऊन अंगात मुरवते, पाणी नाई पेत. तोंड ओलं करजो अन् थुकजो. शेवटच्या दगडापर्यंत गिळजो नाई. सुरुवातीले जोरात चाल, ऊन चढाच्या आधी जेवढं अंतर कापता येईल तेवढं काप.

हे पत्र दुसऱ्या कोणाले दाखवू नको, नाई तं सगळे तसंच करतील.

गोपाल

*

चंद्रपूर
२ जून २००३

बेटा गोपाल,

गुलाम रसूलचे आशीर्वाद. तुझा पत्ता नबीलच्या वहीतून घेतलो. तुले कोणी कळवलं का नाई माहीत नाई, म्हणून लिहतो. नबील एकोणीस मेले गेला.

त्या दिवशी जीपवाल्यांनी त्याले रस्त्यातून उचललं तवा तो बरळत होता. अंग तव्यासारखं. इथून नागपूरले नेलो. लघवी काळ्या चहासारखी झाली, मंग बंदच झाली. डॉक्टर म्हणे मांड्यांचं मांस आतल्या आत फुटलं अन् त्या विषानं गुर्दे बसले. मशीनवर ठेवलं. आठ दिवस झुंजला. एवढा मोठा पोरगा, चौघांनी धरलं तरी हलवता येत नव्हता अन् पाणी पाजाले गेलो तं तोंड फिरवत होता. बेहोशीतही ओठ आवळून घेत होता. ते मले समजलं नाई.

शमीम, तुझी चाची, मोरीतून उठत नाई. भांडे घासते अन् पुन्हा तेच भांडे घासते.

तू पास झाला असं दसरूनं सांगतलं. मुबारक. तू त्याच रस्त्यानं चालला होता. तुले तो दिसला का? काही बोलला का? बापाच्या मनाले तेवढंच पाहिजे राहते. जे असेल ते लिहजो.

तुझा चाचा
गुलाम रसूल

*

हेटीटोला
१४ जून २००३

आदरणीय चाचा,

तुमचं पत्र भेटलं. आम्हाले इथी काही कळलं नव्हतं. बाबा दिवसभर जेवले नाई. दिव्यानी रडली.

मी नबीलच्या बराच मागे होतो, मंग पुढे निघालो. गर्दी खूप होती. तो मले दिसला नाई. परत आल्यावर कोणीतरी पडला असं ऐकलो, पण तो नबील असेल असं वाटलंच नाई. तो पडणाऱ्यातला नव्हता.

तुमच्या घरचं मीठ खाल्लो आहे. काही काम असलं तं सांगजा.

तुमचा
गोपाल

*

चंद्रपूर
२५ जुलै २००३

बेटा गोपाल,

तालीम बंद केलो. माती उकरून टाकली, गदा अन् मुद्गलांची जोडी भंगारवाल्याले दिलो. ज्या मातीत पोट्ट्यांले तीस वर्षं सांगत आलो का जोर असला का दम मागून येते, तिथी पाय ठेववत नाई.

डॉक्टरनं मले बाजूले घेऊन विचारलं होतं, याले आदल्या दिवशी एवढ्या बैठका कोणी माराले लावल्या? मी म्हटलो, मी उस्ताद आहे, पोरगा माझ्याच हातचा आहे. तो माझ्याकडे पाहत राह्यला. त्या नजरेनंच मी मेलो.

पण एक गोष्ट बसत नाई. माझ्या तालमीत कोणाले कधी पाण्यासाठी अडवलं नाई. तुले माहीत आहे, मातीच्या हौदाजवळ पाण्याचं मडकं राहे. मंग नबीलनं पाणी काऊन सोडलं? टेबलावरच्या लोकांनी देऊ केलं, त्यानं चूळ भरून थुकलं, असं दसरू सांगते. ही गोष्ट त्याच्या डोक्यात कुठून आली?

तू त्याचा दोस्त. तो तुले पत्रं लिहत होता. तुले काय वाटते बेटा? माझ्या बैठकांनी माझा पोरगा मारला का? तू खरं सांग. मी म्हातारा आहे, पण सहन करतो.

गुलाम रसूल

*

पोंभुर्णा
१० ऑगस्ट २००३

आदरणीय चाचा,

पत्र गावावरून फिरून इथी आलं. मी मागच्या आठवड्यात पोंभुर्ण्याजवळ रुजू झालो. राहाले एक खोली दिली आहे.

तुम्ही खरं सांग म्हणता म्हणून लिहतो, राग मानू नका. डॉक्टर म्हणते तं तसंच असेल. बैठका जास्तच झाल्या. नबीलले जोराची घमेंड होती, ती तालमीत लहानपणापासून भरली होती. मी त्याले लिहत होतो का रोज थोडं चाल, सवय कर. पाण्याचंही म्हटलो होतो का घोट-घोट पेत जा. तो माझी मजाक उडवे. तुम्ही त्याले अडवाले पाहिजे होतं, पण तुम्हालेही वाटलं असेल बैठकीत सगळं आहे. यात तुमची एकट्याची चूक नाई. नशीब म्हणाचं.

स्वतःले जास्त दोष देऊ नका. चाचीले नमस्कार.

गोपाल

*

चंद्रपूर
१९ ऑक्टोबर २००३

गोपाल,

जुलैमध्ये तुले पत्र लिहलो तवा तुझी तिन्ही पत्रं माझ्या मांडीवर होती.

नबील गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी शमीमनं त्याची पेटी उघडली. कपडे काढता काढता खाली सापडली. त्यानं ती जपून ठेवली होती. हजार बैठकांच्या खाली त्यानं पेनानं रेघ मारली होती. गिळजो नाई, याच्या खाली दोन रेघा. शाळेतही तो महत्त्वाच्या ओळीखाली अशाच रेघा मारे.

मी शमीमले म्हटलो, गोपाल पोरगा आहे, चुकला असेल, त्याले स्वतःलेच माहीत नसेल. आपण त्याले विचारू. म्हणून तुले विचारलो. माझ्यावर दोष घेऊन विचारलो, म्हणजे तुले सांगाले सोपं जावं. तू एवढंच लिहला असता ना, का चाचा, मीच सांगतलो, मले समजलं नाई, तं मी ती पत्रं चुलीत टाकली असती. तुले उंबऱ्यावरून आत घेतलो असतो. पण तुझं उत्तर आलं. तू माझ्याच पोराचं मरण उचलून माझ्या मानेवर ठेवला.

पोलिसात गेलो नाई. बैठका मार म्हणणं कोणत्या कलमात बसते?

म्हणून गेल्या बुधवारी मी हेटीटोल्याले गेलो. बसनं चामोर्शी, तिथून पायी. आठ किलोमीटरले मले चार तास लागले. दहा ठिकाणी बसलो. तुझा बाप वारलू अंगणात होता. मले पाहून पळत आला, गळ्यात पडला, दोघंही रडलो. तुझ्या आईनं खाट टाकली. त्याईले तुझ्या पत्रांचं काहीच माहीत नव्हतं.

वारलूभाऊले वाचता येत नाई. म्हणून मी चष्मा लावलो अन् तिन्ही पत्रं त्याले वाचून दाखवलो. अक्षर न् अक्षर. मंग तुझी मले आलेली दोन. सगळं झाल्यावर बैलाले चारा टाकतो म्हणून उठला. पेंढी हातात घेऊन गोठ्याच्या दारात उभा राह्यला. बैल मान लांब करून राह्यला होता अन् हा तसाच उभा. मी निघेपर्यंत तसाच होता.

खोटं बोलत नाई. मी न्याय कराले गेलो नव्हतो. तुझा बाप भला माणूस आहे, माझं त्यानं काही बिघडवलं नाई. पण त्याचा पोरगा जिवंत आहे अन् तो सुखानं झोपते, हे मले सहन होत नव्हतं. आता तो झोपत नसेल. तेवढं मी केलो.

आणखी एक. दसरू यादी पाहून आला. सतरा जागा होत्या. चालण्यात एवढे गळले का पंधराच भरल्या. दोन रिकाम्या आहेत. नबील पास झाला असता तरी तू लागलाच असता.

गुलाम रसूल

*

पोंभुर्णा
२८ ऑक्टोबर २००३

दिव्यानी,

हे पत्र बाबाले वाचून दाखव. आईले नको. बाबाले सांग, पूर्ण ऐका, मधे उठू नका.

बाबा, चाचानं वाचलं ते खरं आहे. ती पत्रं मीच लिहलो. पण मी त्याले माराले नाई लिहलो. देवाची शपथ. मले वाटलं, तो लंगडेल. रस्त्यात बसेल, नापास होईल. एक माणूस कमी होईल. मी एकविसावा होतो, बाबा. छाती एक बोट वाढवाले मी उपाशी दंड मारत होतो अन् त्याचं कार्ड येई, वर काडी पहेलवान, अन् सारं गाव हसे. तालमीत त्यानं मले डोक्यावर उचललं तवा माझी चड्डी फाटली होती. सगळ्यांनी पाह्यलं. त्यानं खाली ठेवल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली अन् म्हणे, रागावला काऊन? मी दोन वर्षं त्या घरात जेवलो अन् रोज मले ते आठवे.

आता जे कोणाले सांगतलो नाई ते सांगतो. चाचाले लिहलो का तो दिसला नाई. दिसला होता.

सुरुवातीले तो मले हात दाखवून पुढे निघून गेला. वळणाच्या ठिकाणापर्यंत मले तो गाठता आला नाई. मले वाटलं, माझं सारं फुकट गेलं, हा तं पहिला येते. मंग परतीच्या रस्त्यावर, पाच किलोमीटर राह्यले असतील, तो सागाच्या झाडाखाली बसलेला दिसला. पाय लांब केलेले. घाम नव्हता. चेहरा कोरडा अन् लाल. पन्नास पावलावर पाण्याचं टेबल होतं. तिथला माणूस ग्लास हातात धरून त्याले बोलवत होता.

मले पाहून तो हसला. म्हणे, "काडी, मांड्या दगड झाल्या बे. आपल्या नाईच वाटत."

मी म्हटलो, "उठ. थोडंसंच राह्यलं."

तो म्हणे, "लघवी काळी झाली. असं होते का?"

मी म्हटलो, "होते."

तो टेबलाकडे पाह्यला. मंग माझ्याकडे पाह्यला. म्हणे, "आता पाणी पिऊ का?"

बाबा, तो मले विचारत होता. त्याच्या एका हाताच्या अंतरावर मी उभा होतो. माझ्या पोटात तवा दोन लोटे पाणी होतं. मी प्रत्येक टेबलावर पेत आलो होतो. मले तवा समजलं होतं का याचं काहीतरी बिघडलं आहे. समजलं नव्हतं असं म्हणणार नाई. पण घड्याळात तीन तास झाले होते अन् माझ्या मागून तिघं येत होते.

मी म्हटलो, "नको. शेवटच्या दगडापर्यंत नको."

तो मान हलवला, "ठीक आहे उस्ताद" म्हणाला, अन् झाडाले धरून उठाले लागला. मी निघालो. मागे वळून पाह्यलो नाई. पंधरा मिनिटं राखून पोहोचलो.

बाबा, तुम्ही त्या दिवशी दोरीच्या पलीकडे उभे होते. मले खांद्याशी धरले होते. तवा मी रडलो, तुम्हाले वाटलं आनंदानं.

दिवाळीले आलो नाई, आता यावं का? एक वेळ येऊ द्या. तुम्ही म्हणाल तं नोकरी सोडतो, चाचाच्या पायावर डोकं ठेवतो. काहीही सांगा, पण सांगा.

गोपाल

*

हेटीटोला
२० नोव्हेंबर २००३

गोपालदादा,

पत्र बाबाले वाचून दाखवली. तू म्हटला तसं पूर्ण. पाणी पिऊ का, तिथी मी थांबली. बाबा म्हणे, वाच. मी वाचली.

त्यानंतर बाबा चार दिवस धान कापाले गेले नाई. बांधावर जाऊन बसे अन् परत ये. पाचव्या दिवशी कोणाले न सांगता सकाळी निघाले, पायीच. चामोर्शीले बस होती, पण बसले नाई. चंद्रपूरपर्यंत चालत गेले. तीन दिवस लागले. चाचाच्या दारात उभे राह्यले. चाचानं दार उघडलं नाई. बाबा दिवसभर उभे होते. सांजेले चाचीनं खिडकीतून पाह्यलं अन् खिडकी लावून घेतली. मंग बाबा परत आले. तेही चालत. तळव्याची कातडी निघाली आहे. मी हळद लावून देते. विचारलं तं म्हणे, त्याईनं बरोबर केलं.

बाबानं सांगतलं ते लिहते. ते म्हणे, त्याले लिही, नोकरी सोडू नको. सोडशील तं मोकळा होशील. रोज वर्दी घाल अन् रोज चाल. दिवाळी गेली, येऊ नको. होळीले येऊ नको. मी मेलो तरी कळवणार नाई. मले खांदा द्याले गावात माणसं आहेत.

आई दारात बसते. पोस्टमन दिसला का उठते. तिले मी सांगतली, दादाले सुटी भेटत नाई. मी एवढंच खोटं बोलते, तुझ्यासाठी नाई, तिच्यासाठी.

आता माझं. त्या रिकाम्या जागांची नवीन जाहिरात निघाली. बायकांलेही भरता येते. बायकांले सोळा किलोमीटर. मी फॉर्म भरली. सकाळी चामोर्शीपर्यंत जाऊन येते, तिथून आईसाठी मीठ-तेल आणते, येताना विहिरीवर थांबून पाणी पेते. पाय दुखते, पण चालता येते.

कोणी तुले सांगेल का तुझी बहीण भरतीले उतरली. तू मले पत्र लिहू नको. मले काही शिकवू नको.

दिव्यानी